गुरुजी संपावर गेले की भांडायच्या आधी काय काय तपासायचं

संपाची बातमी आली की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो, "लाख लाख पगार उचलून बी यांचं पोट भरंना का", अन् त्याच्या खाली दोन मिनिटांत गावातल्याच कुण्या गुरुजीचा, "एक दिवस शाळेत येऊन बसा मग बोला". मग दिवसभर तेच चालू. संध्याकाळपर्यंत कुणीतरी रागानं ग्रुप सोडतो, ॲडमिन "कृपया वाद टाळा" टाकतो, आणि लेकरं तोवर पारावर नाहीतर मोबाईलमधे. हे जे लिहायलोय ते पालकांसाठी आहे, खास करून शाळा व्यवस्थापन समितीवर ज्यांची नावं नुसती सहीपुरती घातलेली असतात त्यांच्यासाठी. मी आमच्या गावच्या समितीवर आहे, परभणी-हिंगोली पट्ट्यातलं गाव, शिक्षक नाही आणि कोणत्या संघटनेचाही नाही. संपाला सरसकट पाठिंबा पण देत नाही आणि सरसकट शिव्या पण देत नाही, कारण "शिक्षक" म्हणून जे काही आपण एका दमात बोलतो त्यात किमान पाच तऱ्हेची माणसं असतात आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं.

आधी निवेदन मागा

बातमीवर जाऊ नका, टीव्हीवर तर अजिबात नाही. प्रत्येक आंदोलनाच्या आधी संघटना तहसीलदाराला, गटशिक्षणाधिकाऱ्याला नाहीतर थेट जिल्हा परिषदेच्या सीईओला निवेदन देतात, त्याचा फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतच असतो. तुमच्या शाळेतल्या गुरुजीला म्हणा, सर तेवढं निवेदन पाठवा. देतात, आनंदानं देतात, कारण सहसा कुणी मागतच नाही.

निवेदनात दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे आंदोलन कोणत्या जातीचं आहे. काळ्या फिती लावून काम असेल तर शाळा चालूच असते, तुमचा काही संबंध नाही, उगीच लेकरू घरी ठेवू नका. जिल्हा परिषदेपुढं धरणे बहुतेक रविवारी नाहीतर शाळा सुटल्यावर असतं. सामूहिक रजा म्हणजे एक दिवस शाळा बंद. बेमुदत संप म्हणजे मात्र खरं नुकसान. ऑनलाइन कामावर बहिष्कार, अहवाल द्यायचे नाहीत, मीटिंगला जायचं नाही, असं असलं तर उलट त्या काळात शिकवणं जास्त होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय आणि त्यावर खाली बोलतोच.

दुसरं, मागण्या कोणत्या क्रमानं लिहिल्यात. यादी पंधरा-वीस कलमांची असते, त्यातली पहिली दोन-तीन खरी आणि बाकीची सगळ्यांना बरं वाटावं म्हणून. मार्च २०२३ चा संप आठवत असेल, १४ तारखेला सुरू झाला आणि २० तारखेला मागं घेतला, "एकच मिशन, जुनी पेन्शन", तो पगारवाढीचा संप नव्हताच. आणि तो फक्त शिक्षकांचा पण नव्हता, तलाठी, नर्स, कारकून सगळे होते. तरी ग्रुपवर आठवडाभर वाद कशावर, तर गुरुजींच्या पगारावर. २५ सप्टेंबर २०२४ ची सामूहिक रजा होती ती संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवायच्या, १५ मार्च २०२४ च्या निर्णयावर आणि २० पटाच्या आतल्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमायच्या निर्णयावर. त्यात तर मला वाटतं पालकांनी पण रस्त्यावर यायला पाहिजे होतं, कारण वाडी-तांड्यावरची शाळा वीसच्या आतलीच असते, आणि शिक्षक गेला की शाळा जाते. पण नाही, आपण म्हणलो "परत निघाले सुट्टी काढायला".

५ डिसेंबर २०२५ ची शाळा बंद घ्या. तिच्या मुळाशी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर नोकरी गेली. वीस-बावीस वर्षं शिकवलेल्या माणसाला परत परीक्षा. आता यावर तुमचं मत काही पण असू द्या, "मास्तरनं परीक्षा द्यायला काय झालं, लेकरं देत नाहीत का" हे म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, पण निदान वाद त्याच्यावर करा, पगारावर नको.

पगार ऐकला की विचारा, कोणत्या गुरुजीचा

मोंढ्यात सोयाबीनचा भाव ऐकला की आपण पहिले विचारतो माल कसा होता, ओल किती होती. इथं मात्र "लाख रुपये पगार" ऐकला की झालं.

गावातल्या जिल्हा परिषद शाळेवरचा जुना गुरुजी, २००५ च्या आधी लागलेला, बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी मिळालेला, त्याचा एकूण पगार लाखाच्या घरात जातो. जातो, खोटं कशाला बोलायचं. त्याला जुनी पेन्शन पण आहे. म्हणून ग्रुपवरच्या पहिल्या मेसेजमधे तथ्य नाही असं नाही. पण तो माणूस संपात बहुतेक दुसऱ्यांसाठी असतो.

त्याच शाळेवर १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेला शिक्षक. प्राथमिकचं मूळ वेतन सातव्या आयोगात २९,२०० पासून सुरू होतं. महागाई भत्ता हिशोबाला ५० टक्के धरा, तो वरचेवर वाढतच असतो, तर २९,२०० अधिक १४,६०० म्हणजे ४३,८००, वर घरभाडं. त्यातून दहा टक्के म्हणजे ४,३८० रुपये नव्या पेन्शन योजनेच्या खात्यात कापून जातात, सरकार आपला वाटा वेगळा टाकतं, आणि त्या योजनेत रिटायर झाल्यावर किती हातात येईल ते बाजारावर. याच्या शेजारच्या वर्गावरच्या जुन्या गुरुजीला काही न कापता शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई. काम एक, शाळा एक, भिंत एक. जुन्या पेन्शनचं भांडण समजायचं तर एवढं पुरे. त्यात अजून एक गठ्ठा आहे, खाजगी शाळांत २००५ च्या आधी नेमणूक झाली पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालं असे, ते म्हणतात आम्ही जुनेच, सरकार म्हणतं तुम्ही नवे, आणि कोर्टकचेऱ्या चालू.

मग शिक्षण सेवक. ही योजना २००० सालापासूनची. पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. प्राथमिकला कितीतरी वर्षं ६,००० रुपयेच होते, १ जानेवारी २०२३ पासून १६,००० झाले, माध्यमिकला १८,०००, ज्युनिअर कॉलेजला २०,०००. डीएड, टीईटी, वर अभियोग्यता चाचणी, भरतीच्या पवित्र पोर्टलवर वर्षानुवर्षं वाट बघणं, एवढं सगळं करून नंदुरबारचं पोरगं हिंगोलीत सोळा हजारावर, त्यात खोलीभाडं आणि गाडीचं पेट्रोल. ते संपात गेलं नाही तर सिनिअर रागावतात, गेलं तर नियमित होताना कागद अडकेल ही भीती. समितीवाल्यांनी या पोरांना "तुम्ही कामून गेलात" म्हणून कोंडीत पकडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि सगळ्यात तळाला विनाअनुदानित, म्हणजे ज्या शाळांना सरकार पगाराचे पैसे देत नाही तिथले. आपल्या मराठवाड्यात संस्थांच्या शाळा किती ते तुम्हाला सांगायला नको, प्रत्येक पुढाऱ्याची एक. "कायम विनाअनुदानित" मधला "कायम" २००९ ला काढला, मग २० टक्के, ४० टक्के असे टप्पे, टप्प्याचा कागद निघतो पण पैसे निघत नाहीत. २० टक्के टप्प्यावरचा शिक्षक म्हणजे पूर्ण पगाराच्या पाचव्या हिश्श्यावर, आणि त्याच्या आधीची दहा-बारा वर्षं शून्यावर काढलेली. ४ ऑक्टोबर २०१६ ला औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मंत्रिमंडळाची बैठक होती, तिथं यांचा मोर्चा गेला आणि लाठीमार झाला, दगडफेक पण झाली. जुलै २०२५ मधे पुन्हा आझाद मैदानात चिखलात बसले होते. यांच्याविषयी "फुकटचा पगार" म्हणणाऱ्याला मी तरी थांबवतो.

पाचवा तुमच्या ओळखीचाच आहे, शहरातल्या इंग्लिश स्कूलमधला. त्याच्या संपाची बातमी कधी येत नाही कारण संप केला तर दुसऱ्या दिवशी नोकरी नसते. गावात म्हणतात ना "इंग्लिश स्कूलच्या मॅडम दहा हजारात शिकवायल्यात, मग यांना कामून एवढा" तर हिशोब उलटा करून बघा, दहा हजारात शिकवायला लागणं हीच अडचण आहे, ते चांगलं उदाहरण कसं काय झालं. खाजगी मान्यताप्राप्त शाळेतल्या कर्मचाऱ्याला १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याचं संरक्षण आहे, काढून टाकलं तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, पण कागदावर नेमणूकच नसेल तर कोण कुठं जाणार.

कुणाचा नेमका पगार काय ते माहिती करून घ्यायचं असेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज. खरं तर कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायचं असं त्या कायद्यातच आहे. फक्त वेतनश्रेणी आणि एकूण वेतन मागा. त्याच्या पगारातून कोणत्या सोसायटीचं कर्ज कापलं जातं, एलआयसी किती, हे मागू नका, ते मिळत नाही आणि मागणाऱ्याची गावात शोभा होते.

तासांचा हिशोब स्वतः करा

"अकरा ते पाच, त्यात पण जेवायची सुट्टी" हा दुसरा आवडता मेसेज. याला उत्तर भाषणानं नका देऊ, आकड्यानं द्या.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या शेवटी परिशिष्ट आहे. पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं झालं पाहिजे. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. आणि शिक्षकाचे आठवड्याचे तास किमान ४५, त्यात तयारीचा वेळ धरून. आता भागाकार करा. ८०० भागिले २०० म्हणजे रोज चार तास शिकवणं, वरच्या वर्गांना साधारण साडेचार. आठवड्याचे ४५ तास सहा दिवसांत वाटले तर रोजचे साडेसात. मधे उरले तीन-साडेतीन तास. कायद्याच्या हिशोबानं ते पाठाची तयारी, वह्या तपासणं, मागं पडलेल्या लेकराला जवळ घेऊन बसणं यासाठी.

सगळं भांडण या तीन-साडेतीन तासांत आहे. काही गुरुजी ते देतच नाहीत, साडेचारला गाडी स्टार्ट. आणि काही देतात पण ते लेकरांपर्यंत पोचत नाहीत.

आमच्या शेजारच्या तांड्यावर दोन शिक्षकी शाळा आहे, पहिली ते चौथी. मी गेलो तेव्हा एक सर केंद्राच्या मीटिंगला गेलेले, म्हणजे चार वर्ग आणि एक मॅडम. चारी वर्ग एकाच खोलीत, पहिलीच्या लेकरांना पाटीवर गिरवायला दिलेलं, चौथीला भागाकार. तेवढ्यात स्वयंपाकवाल्या मावशी तांदूळ मोजून घ्यायला आल्या, लहान वर्गांना माणशी १०० ग्रॅम, हजर लेकरं मोजायची, गुणायचं, काट्यावर तोलायचं, वहीत सही. मग तोच आकडा ॲपवर भरायचा तर खोलीत रेंज नाही, म्हणून मॅडम बाहेर ओट्यावर, तिथं पण नाही, मग हापशाजवळ हात वर करून उभ्या. आत तोवर चौथीवाल्यांनी पहिलीवाल्यांच्या पाट्या पुसून दिल्या. परत आल्या तर ग्रुपवर मेसेज, कोणत्यातरी दिनाचे फोटो दुपारी दोनच्या आत टाका. मी बसल्या बसल्या विचार करत होतो की यात मॅडम आळशी कुठं आहेत, आणि यात शिकवणं तरी कुठं आहे.

तर समितीवाल्यांनी करायचं ते हे. शाळेत जाऊन एका महिन्याची हालचाल नोंदवही मागा, म्हणजे शिक्षक शाळेच्या वेळात कुठं गेले त्याची वही. सोबत शिक्षक हजेरी. कोऱ्या कागदावर दोन रकाने पाडा, वर्गात आणि बाहेर. बाहेरचं कारण लिहा, मीटिंग, प्रशिक्षण, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, आधार, बँक, रजा. महिना झाला की तुम्हाला कुणाला शिव्या द्यायच्या ते आपोआप कळतं, कधी ते नाव गुरुजीचं असतं आणि कधी वरच्या ऑफिसचं. काही ठिकाणी वही दाखवायला कुरकुर करतात. शिक्षक वेळेवर येतात का हे बघणं समितीचं काम आहे, आणि शिक्षकांवर शिकवण्याबाहेरचं ओझं पडत नाही ना हे बघणंही समितीचंच काम आहे, दोन्ही सांगितलं की वही निघते.

शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात लिहिलंय की शिक्षकाला जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका एवढंच बाहेरचं काम देता येतं. मतदार यादीच्या कामावर सुप्रीम कोर्टानं २००७ मधेच सांगितलं होतं की ते सुट्टीच्या दिवशी आणि शिकवायच्या वेळेबाहेर घ्या. आता तुमच्या कागदावरचा दुसरा रकाना बघा.

सुट्ट्यांचं म्हणाल तर जास्त आहेत, नाकारणारा गुरुजी भेटला तर त्याच्याशी पुढं बोलण्यात अर्थ नाही. पण त्या बदल्यात बाकीच्या सरकारी माणसांना वर्षाला ३० दिवसांची जी अर्जित रजा मिळते ती उन्हाळी सुट्टीवाल्यांना तशी मिळत नाही, हे पण बोलताना लक्षात असू द्या.

मुख्यालयाचा विषय काढायचाच असेल तर

निघतोच. गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी २०२२ मधे विधानसभेत हा विषय काढला, शिक्षक मुख्यालयी म्हणजे नेमणुकीच्या गावात राहत नाहीत आणि घरभाडं उचलतात, तेव्हा शिक्षकांचे मोर्चे निघाले होते. माझं म्हणणं, विषय खरा आहे पण संपाच्या दिवशी काढायचा नाही. त्या दिवशी काढला की ते टोमण्यासारखं होतं आणि समोरचा ऐकत नाही. आणि काढायचा तर ग्रामसभेत काढा, कारण शिक्षक मुख्यालयी राहतो असा ग्रामसभेचा ठराव आपणच हात वर करून देत आलोय. खोटा ठराव द्यायचा आणि मग ग्रुपवर बोंबलायचं हे जमत नाही. गावात भाड्यानं द्यायला संडास-बाथरूमची खोली किती आहेत ते पण त्याच बैठकीत मोजा. मॅडम लोकांच्या बाबतीत तर जरा जास्तच विचार करून बोला. मला विचाराल तर चाळीस किलोमीटरवरून येऊन वेळेवर फळ्यापुढं उभा राहणारा गुरुजी मला गावात राहून दुपारी शेतात जाणाऱ्यापेक्षा परवडतो, पण यावर आमच्या समितीतच एकमत नाही.

संप कायद्यात बसतो का

थोडक्यात, नाही. सुप्रीम कोर्टानं २००३ मधे तामिळनाडूच्या प्रकरणात सांगितलं की सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत हक्क नाही. वर्तणूक नियम पण आडवे आहेत. "काम नाही तर वेतन नाही" असं पत्रक प्रत्येक वेळी निघतं. पण बेकायदेशीर आहे म्हणून मागणी चुकीची ठरत नाही, आणि आपल्या राज्यात १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप पण झालेलाच आहे. पालकानं या कोर्टबाजीत पडू नये. तुमचा प्रश्न एवढाच, लेकराचे दिवस भरून कोण देणार. पगार कापला का, हे विचारायला हरकत नाही, फक्त कापलेल्या पगारानं बुडालेला तास परत येत नाही हे डोक्यात असू द्या.

संप चालू असताना

शाळेला बाहेरून कुलूप ठोकू नका. शिक्षक मिळेना म्हणून कुलूप ठोकणं, लेकरं घेऊन जिल्हा परिषदेत सीईओच्या केबिनबाहेर शाळा भरवणं, हे आपल्याकडं चालतं आणि कधी कधी कामाला पण येतं, पण ते शिक्षक नेमत नाहीत तेव्हा. संपात ते केलं तर तुम्ही संपाला मदत करताय की विरोध हेच कुणाला कळत नाही, आणि फोटो मात्र छापून येतो.

गावात डीएड-बीएड होऊन घरी बसलेली पोरं-पोरी असतातच. दोन तास मंदिरात नाहीतर समाजमंदिरात वाचन, पाढे, पुस्तकातले धडे मोठ्यानं वाचून घेणं, एवढं बास. पण सुरू करायच्या आधी संपावरच्या गुरुजींना फोन करून सांगा की सर, लेकरं बसवायलोत, तुमच्या विरोधात नाही. नाहीतर त्या पोरांवर "संपफोड्या" म्हणून शिक्का बसतो आणि त्यांना उद्या याच लोकांत नोकरी करायचीय.

जेवणाचं बघा. हे बहुतेकांना माहिती नसतं म्हणून जरा नीट सांगतो. २०१५ चे मध्यान्ह भोजनाचे नियम आहेत, त्यात आहे की शाळेच्या दिवशी कोणत्याही कारणानं जेवण मिळालं नाही तर तेवढ्या धान्याचा आणि शिजवण्याच्या खर्चाचा अन्नसुरक्षा भत्ता लेकराला पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायचा. कोणत्याही कारणानं. आमच्याकडं हा मुद्दा काढला तेव्हा साहेब म्हणाले असं काही नसतं, म्हणून नियमाची प्रिंट सोबत ठेवा. शक्य असेल तर स्वयंपाकवाल्या मावशींना बोलून खिचडी चालूच ठेवणं सगळ्यात चांगलं, पण चावी मुख्याध्यापकाकडं असते, म्हणून संपाच्या आदल्या दिवशीच चावी कुणाकडं राहणार ते लिहून घ्या.

आणि एक गोष्ट मी गुरुजींना तोंडावर सांगतो, इथं पण लिहितो. संप कोणत्या महिन्यात करता ते बघा. बीड, जालना, परभणी, आमच्याकडचे काही तांडे, इथली ऊसतोड्यांची लेकरं दिवाळी झाली की आईबापासोबत कारखान्याला जातात. हंगामी वसतिगृह असलं तर काही मागं राहतात, सगळी नाही. ज्या लेकराचं शाळेचं वर्षच जून ते दिवाळी एवढं आहे त्याचा सप्टेंबरमधला आठवडा गेला म्हणजे काय गेलं ते संघटनेच्या बैठकीत कुणी मांडत नाही. मार्च २०२३ मधे तर बोर्डाच्या परीक्षा चालू होत्या, बारावीचे पेपर तपासायचा पण प्रश्न आला. दबाव तेव्हाच पडतो हे मला कळतं, तरी दहावी-बारावीच्या पोरांच्या पोटात गोळा आणून टाकलेला दबाव गाव विसरत नाही, आणि पुढच्या वेळी खऱ्या मागणीला पण कुणी सोबत येत नाही.

ग्रुपवर लिहिताना

गावातल्या शिक्षकाचं नाव घेऊन लिहू नका, त्याचं लेकरू पण त्या ग्रुपमधल्यांच्या लेकरांसोबत खेळतं. "आमच्या टॅक्सच्या पैशातून" हे वाक्य तर सोडूनच द्या, त्या पैशातून कर्जमाफी पण होते आणि ते कुणीतरी लगेच आठवण करून देतं. "तुमची स्वतःची लेकरं कोणत्या शाळेत आहेत" हा प्रश्न रास्त आहे, मी विचारलाय, उत्तर देताना बरेच गुरुजी खाली बघतात. पण तो प्रश्न मुलाखतीसारखा शांतपणे चहावर विचारायचा, ग्रुपवर विचारला की शंभर मेसेज होतात आणि उत्तर एक पण नाही.

समोरच्याला गप्प करायचं नसेल, खरंच समजून घ्यायचं असेल, तर एवढंच लिहा: सर, यातली कोणती मागणी मान्य झाली तर आपल्या शाळेत उद्या काय बदलेल? चांगला गुरुजी याला नीट उत्तर देतो, संचमान्यतेचं असेल तर म्हणतो तुमच्या सहावी-सातवीचा शिक्षक वाचेल, अशैक्षणिक कामाचं असेल तर म्हणतो मी रोज दोन तास जास्त वर्गात राहीन. हे उत्तर जपून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. पुढं कामाला येतं.

संप मिटल्यावरचं खरं काम

इथं सगळे पालक झोपतात. संप मिटला, गुरुजी आले, घंटा वाजली, झालं. आठ दिवसांचं नुकसान कुणी विचारत नाही.

मिटल्या मिटल्या समितीची बैठक लावा. समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका, म्हणजे बहुमत तुमचंच आहे, फक्त बोलायचं. मुख्याध्यापकांना विचारा, २०० किंवा २२० दिवस कसे भरणार. शनिवारची सकाळची शाळा दिवसभराची करणार, दिवाळीच्या सुट्टीतले चार दिवस घेणार, रोज अर्धा तास वाढवणार, काय ते ठरवा, आणि तारखांसकट लिहून घ्या. इतिवृत्तात "चर्चा झाली" एवढंच लिहितात, ते चालू देऊ नका. ठराव साधारण असा घ्या:

"दि. … ते दि. … या कालावधीत शिक्षकांच्या आंदोलनामुळे शाळेत अध्यापन झाले नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार आवश्यक दिवस व तास पूर्ण करण्यासाठी पुढील तारखांना जादा अध्यापन घेण्याचे ठरले: … . इयत्तानिहाय राहिलेले पाठ मुख्याध्यापक पुढील बैठकीत सांगतील. सदर कालावधीत शालेय पोषण आहार न मिळालेल्या विद्यार्थ्यांना अन्नसुरक्षा भत्ता मिळावा. तसेच शालेय वेळेत शिक्षकांना कायद्यात नमूद कामांव्यतिरिक्त अशैक्षणिक कामे देऊ नयेत, अशी समितीची मागणी आहे."

शेवटचं वाक्य काढू नका, काही पालक म्हणतात ते शिक्षकांच्या बाजूचं झालं. झालं तर झालं, त्या वाक्यामुळं गुरुजी ठरावावर मनापासून सही करतात आणि वरची वाक्यं पाळायला त्यांना पण जोर येतो. शेतीच्या कामाचे दिवस बघून जादा तारखा ठरवा, कापूस वेचणीत रविवारी लेकरं येत नाहीत हे आधीच माहिती असताना रविवार लावून काय उपयोग.

ठरावाच्या तीन प्रती काढा, एक शाळेत, एक केंद्रप्रमुखाकडं, एक पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्याच्या नावानं आवक विभागात. तिथला क्लार्क म्हणंल साहेब बाहेर आहेत, उद्या या. साहेबाची सही लागत नाही, आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का आपल्या प्रतीवर मारून घ्यायचा, तेवढं झालं की घरी या आणि त्या शिक्क्याचा फोटो ग्रुपवर टाका.